थेंब डोळ्यातच पडला पाहिजे: काचबिंदूच्या औषधाची रोजची रीत

उजव्या डोळ्याने आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही, हे माझ्या बाबांना ठाण्याच्या राम मारुती रोडवर कळलं. डाव्या डोळ्यात धूळ गेली म्हणून त्यांनी तो रुमालाने झाकला आणि समोरची दुकानं, माणसं, रिक्षा सगळं नाहीसं झालं. मधोमध नळीतून पाहावं तेवढंच उरलं होतं. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून एक छोटी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लिहून दिलेले काचबिंदूचे थेंब. पहिली बाटली नेमाने संपवली होती, दुसरी अर्धीच राहिली होती. "घालून काही फरकच पडत नव्हता गं," एवढंच म्हणाले.

हे वाक्य नंतर मी खूपदा ऐकलं. आमच्या नौपाड्यातल्या शेजारच्या काकूंकडून, कोपरखैरण्याच्या आत्याकडून, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांकडून. आणि ते खरंच आहे. या थेंबांनी नजर सुधारत नाही, धूसरपणा जात नाही, चष्म्याचा नंबर उतरत नाही. उलट घातल्यावर थोडं चुरचुरतं. जेवढी नजर शाबूत आहे तेवढी राखणं हेच त्यांचं काम, आणि राखलेली गोष्ट जाणवत नसते. म्हणून लोक थेंब सोडतात.

बाबांच्या डॉक्टरांनी "तुम्ही भावंडंही डोळे दाखवून घ्या" असं सांगितलं आणि मला शेहेचाळिसाव्या वर्षी तेच निदान झालं. त्याला आता नऊ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. कोणतं औषध, दिवसातून किती वेळा, हे तुमचे डोळ्यांचे डॉक्टरच ठरवतील. बाटली हातात आल्यानंतरचं जे काम आपल्यावर येतं, ते मला नीट सांगायचं आहे. ते करून दाखवायला गर्दीच्या ओपीडीत कुणाला फारसा वेळ मिळत नाही.

आधी दोन बिंदूंची गल्लत सोडवा

आपल्याकडे मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं इतकी सारखी आहेत की घराघरात घोळ होतो. आत्या कित्येक महिने सगळ्यांना सांगत होती, "माझा बिंदू अजून पिकला नाही, पिकला की ऑपरेशन." मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत डोळ्याची नस सुकत जाते. ती परत हिरवी होत नाही. त्यामुळे वाट पाहण्यासारखं इथे काही नसतं.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण हे कळलं की थेंबांचा अर्थ लागतो. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पातळ द्रव सतत तयार होत असतो. बुबुळाच्या कडेला एक बारीक कोन आहे. तिथल्या जाळीतून तो द्रव झिरपून जातो. ओपन अँगल प्रकारात कोन उघडाच असतो, पण जाळी मंदावलेली असते. मोरीच्या जाळीत गाळ बसला की पाणी जातं खरं, पण सावकाश जातं, तसंच. आत दाब वाढतो आणि तो मागच्या नसेला बाधतो. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. रक्तदाबाशी त्याची गल्लत करू नका. बीपीची गोळी चालू आहे म्हणजे डोळ्याचा दाबही आटोक्यात आहे, असं नसतं. काहींची नस दाब २१ च्या आत असतानाही सुकते. त्यांनाही दाब आणखी खाली आणल्याचा फायदा होतो.

नजर कडेने जाते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि उरलेलं मेंदू जुळवून घेतो. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून बाबांना दोन वर्षं पत्ता लागला नाही.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "माझा कोन उघडा आहे की अरुंद?" डोळ्यावर एक छोटं भिंग टेकवून ते हे पाहतात, त्या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. अरुंद कोनाचा इलाज वेगळा असतो, बहुतेकदा लेझरने सुरुवात करावी लागते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांवर "काचबिंदू असल्यास घेऊ नये" असं लिहिलेलं असतं, ती सूचनाही मुख्यतः अरुंद कोनवाल्यांसाठी असते. आपण कोणत्या गटातले ते माहीत असलं की मेडिकलच्या काउंटरवर नेमकं सांगता येतं.

थेंबांचा उपयोग होतो का, ही शंका मलाही होती. दाब वाढलेला, पण नस अजून शाबूत, अशा लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. थेंब न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना पाच वर्षांत काचबिंदू झाला, घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना. म्हणजे धोका निम्म्याहून कमी. हा आकडा बाबांसमोर वेळेवर ठेवता आला असता तर, असं मला अजून वाटतं.

चिठ्ठी घेण्याआधी काय सांगायचं

डोळ्यात घातलेलं औषध डोळ्यातच राहत नाही. नाकाकडच्या कोपऱ्यातून अश्रुनलिकेवाटे ते नाकात उतरतं आणि तिथल्या ओलसर अस्तरातून थेट रक्तात जातं. गोळीसारखं आधी यकृतातून गाळून जात नाही. त्यामुळे तुमचे बाकीचे आजार डोळ्यांच्या डॉक्टरांना माहीत असलेच पाहिजेत.

सगळ्यात महत्त्वाचं टिमोलॉलबद्दल. हे जुनं आणि खूप वापरलं जाणारं औषध आहे. दमा असेल, फुप्फुसाचा जुना विकार असेल, नाडी मंद असेल किंवा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या ठोक्यांचे संकेत अडणं) असेल, तर हे थेंब धोक्याचे ठरू शकतात. मधुमेहींमध्ये साखर एकदम उतरल्याची धडधडीसारखी लक्षणं ते झाकून टाकतात. आत्याला लहानपणी दमा होता, मग तीस वर्षं काही नाही, म्हणून तिने सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली. वाशीला जाऊन डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी औषध लगेच बदललं. "डोळ्याच्या डॉक्टरला छातीचं कशाला सांगायचं?" हा तिचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून इतकं लांबवून लिहिलं.

बाकीचे गट भराभर सांगते. लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट हा एक गट. बहुतेकांना यातलंच एखादं आधी मिळतं, दिवसातून एकदा, रात्री. ते द्रव बाहेर जाण्याची वाट मोकळी करतात आणि दाब साधारण पाव ते एक तृतीयांश उतरवतात. ब्रिमोनिडीन दिवसातून दोन-तीनदा असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, काहींना झोप येते, आणि काही महिन्यांनी डोळे लाल होऊन खाज सुटू शकते. डॉर्झोलामाइड आणि ब्रिंझोलामाइडने तोंडात कडवट चव येते. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. ब्रिंझोलामाइडची बाटली वापरण्यापूर्वी हलवावी लागते, नाहीतर औषध तळाशी बसून राहतं. नेटारसुडिल आणि रिपासुडिल ही अलीकडची औषधं, त्यांनी डोळे बरेच लाल दिसू शकतात. दोन औषधं एकाच बाटलीत असलेले थेंबही मिळतात. दोन बाटल्या सांभाळणं जमत नसेल तर त्यांच्याबद्दल विचारा.

गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा तसा विचार असेल, तर तेही थेंब सुरू करण्यापूर्वीच सांगायचं.

थेंब घालण्याची पद्धत

आता मुख्य काम. पहिले तीन महिने मी चुकीच्या पद्धतीने थेंब घालत होते आणि ते मला ठाऊकच नव्हतं. थेंब पापणीवर पडायचा, मी डोळे मिचकावायचे, ओघळ गालावर यायचा, आणि घातलं असं समजून मी झोपायचे. डॉक्टरांनी एकदा समोर घालून दाखवायला सांगितलं तेव्हा सगळं उघडं पडलं. तुम्हीही पुढच्या भेटीला बाटली सोबत न्या आणि त्यांच्यासमोर घालून दाखवा.

१. हात साबणाने धुऊन पुसून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. थेंब घातल्यावर १५ मिनिटं ती परत लावायची नाही, कारण थेंबांतलं संरक्षक द्रव्य लेन्समध्ये मुरतं.

२. बाटलीवरचं नाव वाचा. रोज वाचा. एकसारख्या छोट्या बाटल्यांनी माणसाला फार फसवलं आहे. कानाचे थेंब डोळ्यात गेल्याचीही उदाहरणं आहेत. झाकणाच्या रंगावर विसंबू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. आमच्याकडे रात्रीच्या बाटलीला मी रबरबँड गुंडाळते, सकाळच्या बाटलीला काहीच नसतं. अंधारातही बोटांना कळतं.

३. झाकण उघडून ते आडवं किंवा उलटं, स्वच्छ जागी ठेवा. बाटलीच्या टोकाला बोट लावू नका.

४. पलंगावर उताणं पडा किंवा खुर्चीत बसून मान पूर्ण मागे टाका. उभ्याने, आरशासमोर, मान थोडीशी वर करून घालायला जाल तर थेंब गालावरच येणार. मी उशी काढून झोपते.

५. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा. पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक छोटा खळगा तयार होतो. थेंब तिथे पडला पाहिजे. बुबुळावर पाडायचा प्रयत्न केला की डोळा आपोआप मिटतो.

६. उजव्या हातात बाटली धरा आणि तो हात डाव्या हातावर किंवा कपाळावर टेकवा. हा टेकू फार महत्त्वाचा आहे. अधांतरी हात थरथरतो, टेकलेला हात स्थिर राहतो. टोक डोळ्यापासून साधारण बोटभर वर ठेवा. पापणीला किंवा केसांना टोक लागलं तर जंतू बाटलीत शिरतात आणि पुढचा महिनाभर तेच डोळ्यात जातात.

७. वर छताकडे, पंख्याकडे पाहा आणि बाटली एकदाच हलकी दाबा. एकच थेंब. बाटलीतून पडणारा एक थेंबच डोळ्यात मावेल त्यापेक्षा थोडा मोठा असतो. दुसरा घातला तर तो नुसता वाहून जातो, शिवाय औषध लवकर संपतं. थेंब बाहेरच पडला अशी खात्री असेल तरच पुन्हा घाला.

८. डोळा अलगद मिटा. घट्ट आवळू नका, मिचकावू नका. मिचकावलं की अश्रुनलिकेचा पंप सुरू होतो आणि औषध नाकात खेचलं जातं.

९. डोळा मिटल्याबरोबर, नाकाच्या हाडाला लागून डोळ्याचा जो आतला कोपरा आहे, तिथे तर्जनीने हलका दाब द्या आणि दोन मिनिटं तसंच राहा. यामुळे अश्रुनलिकेचं तोंड बंद होतं, औषध डोळ्यात थांबतं आणि शरीरात कमी जातं. टिमोलॉल घेणाऱ्यांनी तर हे कधीच चुकवू नये. तोंडात कडवट चव येत असेल, तर ती याने बरीच कमी होते. बोट नाकाच्या बाजूला हाडावर टेकवायचं, डोळ्याचा गोळा दाबायचा नाही.

१०. बाहेर आलेला ओघळ स्वच्छ टिश्यूने पुसून घ्या, विशेषतः लॅटानोप्रॉस्टच्या गटातल्या थेंबांचा. पापणीच्या कातडीवर ते रोज राहिले तर ती काळवंडते. मग झाकण लावा, हात पुन्हा धुवा.

ही दोन मिनिटं मला सुरुवातीला लांब वाटायची. आता त्या वेळात मी मनात एक स्तोत्र म्हणते. आत्या रामरक्षेतले काही श्लोक म्हणते. कुणी घड्याळ लावा, कुणी शंभरापर्यंत सावकाश मोजा.

दोन वेगळी औषधं एकाच वेळी घालायची असतील, तर त्यांच्यामध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या. नाहीतर दुसरं औषध पहिल्याला धुऊन काढतं. जेल किंवा मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

*हात थरथरत असेल तर.* आत्याच्या बोटांत संधिवात आहे, बाटली दाबणं तिला कठीण जातं. तिच्यासाठी आम्ही दुसरी रीत बसवली. ती उताणी झोपते आणि डोळा मिटून घेते. थेंब नाकाकडच्या आतल्या कोपऱ्यात पाडायचा, मग हळूच डोळा उघडायचा की तो आत जातो. हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. थेंब पडला की नाही हे कळत नसेल तर बाटली फ्रिजमधली वापरा. गार थेंब लगेच जाणवतो. बाटली धरून दाबायला मदत करणारी प्लास्टिकची छोटी साधनंही मिळतात, चष्म्याच्या दुकानात किंवा मेडिकलमध्ये विचारा. आणि घरात कुणी घालून देणारं असेल तर संकोच करू नका. आत्याला आता तिची सून घालून देते, दोघी मिळून श्लोक म्हणतात.

वेळ कशाला बांधायची

"रात्री झोपताना" हे शब्द फसवे आहेत. झोपताना माणूस दमलेला असतो, टीव्हीसमोर डुलक्या घेत असतो, मग उठून थेंब कोण घालणार? वेळ घड्याळापेक्षा रोज ठरलेल्या एखाद्या कामाला बांधा. मी ओटा पुसून गॅसचा कॉक बंद केला की थेंब घालते. आत्याचं रात्रीच्या बीपीच्या गोळीबरोबर जमतं. सकाळचे असतील तर दात घासल्यावर किंवा देवापुढे दिवा लावण्याआधी. कल्याणची सकाळची लोकल पकडणाऱ्यांनी सकाळची घाई टाळावी, आणि दोनदाचं औषध असेल तर कोणत्या वेळा चालतील ते डॉक्टरांना आपली ड्युटी सांगून ठरवून घ्यावं. रात्रपाळीवाल्यांनी तर नक्कीच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिंब करा. वाटतं बालिश, पण "काल घातले होते का?" हा प्रश्न त्याने मिटतो.

एखादी रात्र चुकली तर? आठवल्यावर घाला. पुढच्या थेंबाची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दुप्पट घालायचे नाहीत. लॅटानोप्रॉस्टच्या गटात दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातल्याने परिणाम उलट कमी होतो. उपवासाच्या दिवशी औषध नको अशी काही घरांत रीत असते. ज्येष्ठांना प्रेमाने समजवा, एकादशीला डोळ्याचा दाब वाढायचा थांबत नाही.

हिशेब तपासायची एक सोपी खूण सांगते. रोज एकदा, दोन्ही डोळ्यांत, म्हणजे महिन्याला साठ थेंब. अडीच-तीन मिलीच्या बाटलीत त्याहून थोडेच जास्त असतात. बाटली पंधरा दिवसांत संपत असेल तर थेंब बाहेर जात आहेत. दोन-तीन महिने पुरत असेल तर रात्री चुकत आहेत. बाबांची अर्धी बाटली हेच सांगत होती, आम्ही कुणी पाहिली नाही.

बाटली कुठे, किती दिवस

खोक्यावरचं बारीक अक्षर एकदा भिंग लावून वाचा. लॅटानोप्रॉस्टच्या बऱ्याच बाटल्या उघडण्यापूर्वी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतात, असं त्यावर लिहिलेलं असतं. ठाण्यात मे महिन्यात घरातही इतका गारवा नसतो, त्यामुळे मी उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारातच ठेवते, खोक्यासकट, डब्यात. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही. फ्रिजबाहेर चालणारे प्रकारही मिळतात. विकत घेताना दुकानदाराने बाटली फ्रिजमधून काढून दिली का, इकडे लक्ष द्या. खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर, देव्हाऱ्यातल्या समईशेजारी ठेवू नका.

उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा. बहुतेक थेंब चार आठवडे, काही सहा आठवडे चालतात. त्यानंतर उरलेलं औषध टाकून द्यायचं. जीव तुटतो, मला माहीत आहे, पण त्यात जंतू वाढू शकतात.

संपायच्या आठवडाभर आधी नवी बाटली आणा. मेडिकलवाल्याने "हे नाही, तेच दुसऱ्या कंपनीचं आहे" म्हटलं तर खोक्यावरचं मूळ औषधाचं नाव आणि टक्केवारी जुळवून पाहा. टिमोलॉल ०.२५ आणि ०.५ अशा दोन्ही प्रमाणांत मिळतं. खर्च जड जात असेल तर लपवू नका. डॉक्टरांना सांगा, ते स्वस्त पर्याय लिहून देतात. जनऔषधी केंद्रातही मूळ नावाने चौकशी करा. पैशांमुळे थेंब एक दिवसाआड घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तो त्रास सांगितला असता तर मार्ग निघाला असता.

लाल डोळे, वाढलेल्या पापण्या, आणि बाकीचं

लॅटानोप्रॉस्टच्या गटाने सुरुवातीचे काही आठवडे डोळे लालसर दिसतात, बहुतेकांचे हळूहळू निवळतात. पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. पापणीभोवतीची कातडी काळसर होते, आणि कित्येक वर्षांनी डोळे थोडे खोल गेल्यासारखे दिसतात. एकाच डोळ्यात थेंब असतील तर फरक उठून दिसतो. माझ्या भाचीच्या लग्नात दोघीतिघींनी "डोळ्याला काय लावलंस?" असं विचारलं होतं. हे धोक्याचं नाही. पण खुपत असेल, सतत कोरडं वाटत असेल, तर त्रास सोसत बसू नका आणि मनाने बंदही करू नका. संरक्षक द्रव्य नसलेले थेंब मिळतात, गट बदलता येतो.

लेझरचाही पर्याय असतो. एसएलटी नावाच्या लेझरने त्या जाळीवर उपचार करतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, सुरुवातीलाच हा उपचार घेतलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. तुमच्या डोळ्याला तो चालेल का, हे विचारायला हरकत नाही. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी आधी थेंबच निवडले.

आता मला सर्वात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. डोळे लाल झाले की आपण मेडिकलमधून "लालीचे थेंब" आणतो, किंवा कुणाच्या तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे फ्रिजमध्ये उरलेले घालतो. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. त्याने लाली झटकन जाते आणि डोळ्याचा दाब चढतो. काचबिंदूवाल्यांसाठी हे फार वाईट. डोळ्यात मध, गुलाबपाणी, घरचं तूप घालणंही बंद करा. दम्याचा पंप, त्वचेची मलमं, सांध्यातली इंजेक्शनं यांत स्टेरॉइड असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवा.

याच्याच उलट घोळ मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर होतो. त्यानंतरचे थेंब काही आठवड्यांत कमी करत बंद करायचे असतात. त्या भरात लोक काचबिंदूचे थेंबही सोडून देतात. "यातले कोणते बंद करायचे आणि कोणते कायम?" हे ऑपरेशनच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे प्रसंग: धाप लागणं, चक्कर, नाडी मंद होणं, पापण्या सुजून डोळ्यातून पू येणं, अचानक नजर कमी होणं. डोळ्यात जोराची कळ, दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं, डोकेदुखी आणि उलटी असं एकत्र झालं तर रात्र काढू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

तपासणीचा दिवस

थेंब सुरू केल्यावर साधारण महिना-दीड महिन्यात दाब पुन्हा बघतात, मग तीन ते सहा महिन्यांनी बोलावतात. दाब दिवसभर वरखाली होत असतो, त्यामुळे कधी सकाळी, कधी संध्याकाळी बोलावलं तर कंटाळू नका. त्या दिवशी थेंब नेहमीसारखेच घाला.

आणि खरं सांगा. महिनाभर विसरून आदल्या दोन रात्री नेमाने थेंब घातले तर दाब छान दिसतो. पण नस मात्र मधल्या काळात सुकलेली असते. मग डॉक्टरांना वाटतं औषध पुरं पडत नाही, ते दुसरं वाढवतात किंवा ऑपरेशनचं बोलतात. "आठवड्यातून दोनदा चुकतं" एवढं प्रामाणिकपणे सांगितलं तर उपाय वेगळा निघतो.

फील्ड टेस्टला, म्हणजे कडेची नजर किती उरली ते मोजणाऱ्या तपासणीला, मात्र मनाची तयारी करून जा. अर्ध्या गोलात हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे एकटक बघायचं आणि कडेला ठिणगी दिसली की बटण दाबायचं. ठिणग्या मुद्दाम इतक्या मंद केलेल्या असतात की बऱ्याच दिसणारच नाहीत. मी पहिल्यांदा रडवेली झाले होते. पहिली टेस्ट बहुतेकांची नीट होत नाही, ती पुन्हा करतात. झोप पूर्ण करून, पोटात काहीतरी घालून जा. फील्ड टेस्ट, ओसीटी (डोळ्याच्या नसेचा स्कॅन), दाबाचे आकडे हे सगळं तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. डॉक्टर बदलले, ठाण्याहून नवी मुंबईला राहायला गेलात, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा जे. जे.ला दाखवलं, तरी जुनी फाइल नसेल तर पाच वर्षांत किती नजर गेली हे नव्या डॉक्टरांना कळायला मार्ग नाही.

गावी जाताना

आमच्याकडे थेंब सर्वात जास्त चुकतात ते गणपतीत. रात्रीची कोकणची गाडी, सामान, मोदकांचं साहित्य, आणि बाटली फ्रिजच्या दारात राहते. मी आता दोन बाटल्या ठेवते. एक आदल्या रात्री पर्समध्ये, दुसरी न उघडलेली, थर्मासमध्ये रुमालात गुंडाळून, बर्फाला थेट लागणार नाही अशी. डिकीतल्या बॅगेत औषध टाकू नका, ती तापते. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गावच्या मेडिकलमध्ये हे थेंब मिळतीलच असं नाही.

घरातल्या बाकीच्यांचं

आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. दाब, कोन आणि बाहुली मोठी करून मागची नस, तिन्ही बघायला सांगा. बाहुली मोठी केल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून स्कूटर घेऊन जाऊ नका, कुणाला तरी बरोबर न्या.

माझा धाकटा भाऊ ऐरोलीला राहतो. त्याला तीन वर्षं सांगत होते. शेवटी रविवारी सकाळी मीच त्याच्याकडे गेले, त्याला उजवा डोळा झाकायला सांगितला, मग डावा, आणि बाबांची ती अर्धी बाटली टेबलावर ठेवली. ती मी अजून जपून ठेवली आहे. सोमवारी त्याने डॉक्टरांची वेळ घेतली. दाब १७, कोन उघडा, नस ठीक. दर वर्षी दाखवायला सांगितलंय, आणि तारीख त्याने त्याच्या बायकोकडून कॅलेंडरवर लिहून घेतली आहे.